प्राचीन रोमन सुवर्णनाण्यांवरील प्रतिमा : हेतू, वाचक आणि प्रवास

प्रास्ताविक

रोमन साम्राज्याचा इतिहास शिकविताना आपण मुख्यतः टॅसिटस, सुएटोनियस, कॅसियस डिओ यांच्या ग्रंथांवर विसंबतो. नाण्यांची छायाचित्रे पाठ्यपुस्तकात असतात, पण ती बहुधा पान सजविण्यापुरती. वस्तुतः या ग्रंथकारांनी वर्णिलेल्या अनेक घटना त्यांच्या जन्मापूर्वीच्या आहेत. कॅसियस डिओने ऑगस्टसविषयी जे लिहिले ते ऑगस्टसच्या मृत्यूनंतर सुमारे दोनशे वर्षांनी. नाणे मात्र घटनेच्या सोबत, कधी कधी त्याच वर्षी पाडलेले असते. या अर्थाने ते समकालीन साधन होय. तथापि समकालीन साक्षीदार निःपक्षपाती असतोच असे नाही. आणि नाणे तर ज्याच्याविषयी बोलते त्याच्याच टाकसाळीतून बाहेर पडलेले असते.

प्रस्तुत लेखात ‘ऑरियस’ या रोमन सुवर्णनाण्यावरील प्रतिमांचा विचार करावयाचा आहे. नाण्यावर काय कोरले आहे, याची नोंद सूचीग्रंथांतून सविस्तर मिळते. त्यापेक्षा अवघड प्रश्न निराळाच आहे. ही प्रतिमा कोणाला उद्देशून होती, आणि ज्याच्या हाती नाणे पडले त्याने तिचे काय केले? नाण्यावरील प्रतिमेला पुरावा म्हणून किती वजन द्यावयाचे, हे या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

धातू, मूल्य आणि नाणे हाताळणारा वर्ग

प्रजासत्ताकाच्या काळात रोममध्ये सोन्याची नाणी प्रसंगोपात्तच पाडली गेली. ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४६ मध्ये मोठ्या प्रमाणावर ऑरियस पाडले आणि तेथून हे नाणे नियमित झाले. एका रोमन पौंड सोन्यातून चाळीस नाणी, म्हणजे एका नाण्यात सुमारे ८ ग्रॅम सोने, असे त्याचे मान होते. नीरोने इ.स. ६४ मध्ये ते पौंडास पंचेचाळीस (सुमारे ७.३ ग्रॅम) केले, कॅराकॅलाने इ.स. २१५ च्या सुमारास पन्नास केले; आणि पुढे कॉन्स्टंटाइनने ‘सॉलिडस’ हे नवे नाणे पौंडास बहात्तर या मानाने काढले. वजन असे उतरत गेले, तरी पहिल्या दोन शतकांत सोन्याची शुद्धता जवळजवळ पूर्ण राहिली. चांदीच्या डिनारियसच्या नशिबी हे भाग्य नव्हते.

एक ऑरियस म्हणजे पंचवीस डिनारियस, अर्थात शंभर सेस्टर्शियस. ऑगस्टसच्या काळी पायदळातील साध्या सैनिकाचा वार्षिक पगार २२५ डिनारियस, म्हणजे अवघे नऊ ऑरियस होता. सीनेटर होण्यासाठी दहा लाख सेस्टर्शियसची मालमत्ता आवश्यक असे. सोन्यात तिची किंमत दहा हजार ऑरियस होते. रोमच्या रस्त्यावरील मजूर किंवा भाजीविक्रेता तांब्या-पितळेची नाणी हाताळीत असे. सोने त्याच्या हाती क्वचितच येई. ऑरियसचा वाचक होता तो सीनेटर, सेनाधिकारी, सरकारी खजिन्यातील अंमलदार, घाऊक व्यापारी आणि सम्राटाकडून बक्षिसी मिळालेला सैनिक. ऑरियसवरील प्रत्येक प्रतिमेकडे पाहताना हा मर्यादित वाचकवर्ग ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. ‘रोमन जनतेला सम्राटाने असे सांगितले’ हे आपल्या वर्गातील नेहमीचे वाक्य सोन्याच्या नाण्यास सहसा लागू पडत नाही.

नाणे पाडण्याची रीत साधी होती. पोलादी किंवा काशाच्या ठशावर प्रतिमा उलटी व खोलगट कोरलेली असे. खालच्या ठशावर सोन्याची चकती ठेवून, वरून दुसरा ठसा धरून हातोड्याचा घाव घातला जाई. सुमारे वीस मिलिमीटर व्यासाच्या त्या चकतीवर एका बाजूस मुखवटा व उपाध्या, तर दुसऱ्या बाजूस एखादी देवता, इमारत किंवा प्रसंग असे. विषय कोण ठरवीत असे, याचा उलगडा पूर्णपणे होत नाही. कवी स्टेशियसने सम्राटाच्या हिशेबखात्याच्या प्रमुखाची जी कामे वर्णिली आहेत, त्यांत टाकसाळीसाठी लागणाऱ्या धातूची व्यवस्था येते. प्रत्येक छापाला सम्राटाची स्वतंत्र मंजुरी घेतली जात असेल असे नाही. पण त्याला रुचणार नाही असे काही त्या चकतीवर येत नसे, एवढे निश्चित म्हणता येते.

प्रतिमांमागील दावे

एका नाण्याने प्रस्थापित इतिहास कसा हलविला, याचे उत्तम उदाहरण ऑक्टेव्हियनच्या इ.स.पू. २८ मधील ऑरियसचे आहे. १९९२ मध्ये लिलावात हे नाणे प्रथम पुढे आले, त्यापूर्वी ते ज्ञात नव्हते. पुढे ते ब्रिटिश म्युझियमने मिळविले. त्याच्या मागील बाजूस ऑक्टेव्हियन न्यायाधिकाऱ्याच्या आसनावर बसलेला असून त्याने हातात गुंडाळी धरली आहे. भोवतीच्या लेखाचा अर्थ असा की, त्याने रोमन जनतेचे कायदे व हक्क पुनःस्थापित केले. आता, कॅसियस डिओच्या कथनानुसार ऑक्टेव्हियनने सत्ता सीनेटकडे सुपूर्द करण्याचा प्रसंग इ.स.पू. २७ च्या जानेवारीत, एका भाषणाच्या रूपाने घडला. विद्यार्थ्यांच्या टिपणवह्यांत तीच तारीख असते. स्वतः ऑगस्टसने आपल्या आत्मवृत्तपर शिलालेखात मात्र ‘सहाव्या व सातव्या कॉन्सलपदाच्या काळात’ असे दोन्ही वर्षांना व्यापणारे शब्द वापरले आहेत. सहावे कॉन्सलपद म्हणजे इ.स.पू. २८. नाण्यावर तेच वर्ष आहे. त्यामुळे हे सत्तांतर एका दिवसाचे नाट्य नसून टप्प्याटप्प्याने राबविलेली प्रक्रिया होती, या मताला भक्कम आधार मिळाला. जॉन रिच आणि जोनाथन विल्यम्स यांनी १९९९ मध्ये या नाण्यावर लिहिलेला निबंध या दृष्टीने वाचण्यासारखा आहे.

परंतु याच नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कायदे व हक्क ‘पुनःस्थापित’ झाले, हे कोण म्हणतो? ज्याच्या हाती सर्व सैन्य होते तो. तारखेच्या बाबतीत नाणे विश्वसनीय आहे. आशयाच्या बाबतीत ते केवळ दावा आहे. हा भेद एकदा मनात ठसला की पुढील उदाहरणे सहज उलगडतात.

क्लॉडियसला इ.स. ४१ मध्ये सम्राटपद मिळाले ते सीनेटच्या इच्छेने नव्हे. कॅलिग्युलाच्या खुनानंतर प्रिटोरियन रक्षकांनी त्याला उचलून आपल्या छावणीत नेले आणि सम्राट घोषित केले. सुएटोनियसच्या म्हणण्याप्रमाणे त्याने प्रत्येक रक्षकाला पंधरा हजार सेस्टर्शियस देऊ केले. सोन्यात ही रक्कम माणशी दीडशे ऑरियस होते. अशा रीतीने मिळालेली गादी लपविण्याकडे राज्यकर्त्याचा कल असावा, असे आपणास वाटेल. क्लॉडियसच्या ऑरियसवर मात्र ती छावणी तटबंदीसह कोरलेली आहे आणि ‘सम्राटाचा स्वीकार झाला’ असे शब्द तिच्यावर आहेत. दुसऱ्या एका छापात सम्राट रक्षकाशी हस्तांदोलन करीत आहे. हे नाणे कोणाच्या हाती जाणार होते, हे ध्यानात घेतले की कोडे उरत नाही. ज्यांना बक्षिसी द्यावयाची त्यांचाच उपकार त्यांच्या बक्षिसीवर नोंदविला होता. सीनेटरांना ते वाचून काय वाटले असेल, हा प्रश्न क्लॉडियसला बहुधा दुय्यम होता.

त्याच सम्राटाच्या इ.स. ४६-४७ च्या ऑरियसवर ब्रिटनच्या विजयाची कमान दिसते. रोममध्ये उभ्या राहिलेल्या कमानीवरील शिलालेख मात्र इ.स. ५१-५२ चा आहे. म्हणजे नाणे आधी, वास्तू नंतर. नाण्यावरील इमारतींवरून स्थापत्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

नीरो व त्याची माता अ‍ॅग्रिपिना यांच्या नाण्यांतून सत्तेची घसरण अक्षरशः मोजता येते. इ.स. ५४ अखेरच्या ऑरियसवर माता व पुत्र समोरासमोर, एकमेकांकडे पाहत आहेत. दर्शनी बाजूचा लेख मातेच्या नावाचा आहे. सम्राटाच्या उपाध्या मागील बाजूस, ओकपर्णांच्या मालेभोवती आहेत. इ.स. ५५ मध्ये दोन्ही चेहरे एकाच दिशेला वळतात; नीरो पुढे, आई त्याच्या मागे अर्धवट झाकलेली. लेखांची जागाही बदलते: पुत्राचे नाव दर्शनी बाजूस येते आणि मातेचे मागे जाते. त्यानंतर नीरो एकटाच. टॅसिटसने याच वर्षी अ‍ॅग्रिपिनाला राजवाड्याबाहेर काढल्याचे नोंदविले आहे. तिचा खून झाला तो इ.स. ५९ मध्ये, टाकसाळीने तिला चार वर्षे आधीच रजा दिली होती.

ट्राजनच्या इ.स. ११६ मधील ऑरियसवर विजयचिन्हाच्या दोहों बाजूंस दोन बंदी बसलेले असून ‘पार्थिया जिंकला’ अशी घोषणा आहे. पुढच्याच वर्षी ट्राजन मरण पावला आणि हेड्रियनने पूर्वेकडील नवे प्रांत सोडून दिले. सोने बाजारात फिरत राहिले; मुलूख मात्र हाती राहिला नाही. हेड्रियनची स्वतःची स्थितीही नाजूक होती. ट्राजनने त्याला खरोखर दत्तक घेतले की राणी प्लोटिनाने मागाहून तसे जाहीर केले, याविषयी त्या काळीच कुजबुज होती व डिओने ती नोंदविली आहे. हेड्रियनच्या आरंभीच्या नाण्यांवर ट्राजन त्याचा हात हाती घेत आहे आणि खाली ‘दत्तकविधान’ असा शब्द आहे. दिवंगत ट्राजनच्या नावे काढलेल्या एका ऑरियसवर फिनिक्स पक्षी आहे: पिता राखेतून पुत्ररूपाने पुन्हा उभा राहिला, असा त्याचा आशय. इ.स. ६९ च्या यादवीतील नाण्यांवरही ‘सैन्याची निष्ठा’ हे शब्द व जुळलेले दोन हात वारंवार दिसतात, आणि त्या एका वर्षात सैन्याने चार सम्राट पाहिले. ज्या गोष्टीविषयी शंका होती तीच सोन्यावर ठळकपणे येते, असे या उदाहरणांवरून म्हणावेसे वाटते. हा नियम नव्हे. पण अभ्यासकाने तपासून पाहावी अशी शंका खचित आहे.

सेप्टिमियस सेव्हेरसच्या कुटुंबनाण्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. इ.स. २०१-२०२ च्या सुमाराच्या या ऑरियसवर मध्यभागी राणी ज्युलिया डोम्ना समोर तोंड करून आहे. तिच्या एका बाजूस कॅराकॅला, दुसऱ्या बाजूस गेटा. लेख आहे ‘युगाचे सौभाग्य’. सेव्हेरसच्या मृत्यूनंतर इ.स. २११ च्या डिसेंबरात कॅराकॅलाने धाकट्या भावाला ठार करविले आणि त्याचे नाव शिलालेखांतून छिनून काढण्याचा हुकूम दिला. रोमच्या फोरममधील सेव्हेरसच्या कमानीवर ती खाडाखोड आजही ओळखू येते. गेटाची प्रतिमा असलेली नाणी त्याने वितळविली, असे डिओ सांगतो. पण सगळी नाणी परत येत नाहीत. आज संग्रहालयात त्या छोट्या कुटुंबचित्राकडे पाहताना मन काहीसे अस्वस्थ होते, हे येथे नमूद केले तर ते शास्त्रीय शिस्तीला सोडून होणार नाही, अशी आशा आहे.

प्रतिमा कोणी वाचली?

येथवर आपण गृहीत धरले की पाहणारा पाहत होता. या गृहीतकालाच १९५६ मध्ये ए. एच. एम. जोन्स यांनी आव्हान दिले. नाण्यांवरील चित्रांना टपाल तिकिटांवरील चित्रांइतकेच महत्त्व द्यावे, असा त्यांचा एकंदर सूर होता. आपल्यापैकी कितीजण पाकिटावरील तिकीट न्याहाळतात? बार्बरा लेव्हिक यांनी १९८२ मध्ये आणखी वेगळी दिशा सुचविली. त्यांच्या मते नाण्याचा पहिला वाचक स्वतः सम्राटच होता. टाकसाळीचे अधिकारी त्याला खूश करण्यासाठी छाप निवडीत. म्हणजे प्रचाराऐवजी ही खुशामत ठरते.

जोन्स यांचा मुद्दा तडकाफडकी निकालात काढण्याजोगा नाही. प्राचीन ग्रंथांत नाण्यांवरील चित्रांचे उल्लेख खरोखरच विरळ आहेत. तथापि जे आहेत ते बोलके आहेत. ब्रूटसने सीझरच्या हत्येनंतर पाडलेल्या नाण्यावर दोन खंजीर व मुक्त झालेल्या गुलामाची टोपी होती, हे डिओने दोनशेहून अधिक वर्षांनंतर आवर्जून लिहिले. (या नाण्याच्या सोन्यातील केवळ तीन प्रती ज्ञात आहेत. त्यांपैकी एकीला २०२० मध्ये लंडनच्या लिलावात २७ लाख पौंडांची बोली लागली. पण तिच्या पूर्वमालकीची कागदपत्रे बनावट असल्याचे उघडकीस आले व २०२३ मध्ये ती ग्रीसला परत करण्यात आली. नाण्याचा अभ्यास करताना ते कोठून आले हे विचारणे किती आवश्यक आहे, हे यावरून कळते.) एपिक्टेटस हा तत्त्वज्ञ आपल्या शिष्यांना माणसाची पारख समजावताना नाण्याचाच दृष्टान्त देतो: ठसा ट्राजनचा असेल तर घे, नीरोचा असेल तर फेकून दे. युसेबियसने कॉन्स्टंटाइनच्या सुवर्णनाण्यांवरील वर वळलेले डोळे पाहून सम्राट प्रार्थना करीत आहे असा अर्थ लावला. वस्तुतः आकाशाकडे पाहणारा राजा ही अलेक्झांडरपासून चालत आलेली जुनी शैली आहे. पाहणाऱ्याने प्रतिमा वाचली, पण आपल्या श्रद्धेनुसार वाचली.

या उल्लेखांत बहुतेक वेळा दर्शनी बाजूचा चेहरा येतो. मागील बाजूवरील देवता क्वचितच. चेहरा सर्वांनी पाहिला आणि मागील बाजू थोड्यांनी, असे यावरून अनुमान करता येते. अलीकडच्या संशोधनाने वादाची पातळीही बदलली आहे. कार्लोस नोरेन्या यांनी २०११ च्या ग्रंथात एकेका दुर्मीळ नाण्याऐवजी निरनिराळ्या साठ्यांतील नाण्यांची मोजणी करून कोणते सद्गुण किती वेळा छापले गेले, हे पाहिले आहे. एखादा छाप सूचीत आहे म्हणून तो लोकांच्या हाती होता, असे मानण्याची सवय यामुळे सुटू लागली आहे.

समुद्रापलीकडे

ज्यांना लॅटिन येत नव्हते आणि रोमच्या सम्राटाशी ज्यांचे काही देणेघेणे नव्हते, त्यांनी या प्रतिमांचे काय केले? या प्रश्नाचे उत्तर भारतीय भूमीत मिळते. थोरल्या प्लिनीने दरवर्षी पाच कोटी सेस्टर्शियस भारताकडे जातात अशी तक्रार केली, ती सर्वज्ञात आहे. त्याने सांगितलेली दुसरी गोष्ट तुलनेने दुर्लक्षित राहिली आहे. क्लॉडियसच्या कारकिर्दीत एक रोमन मुक्तदास वाऱ्याने भरकटत श्रीलंकेस पोहोचला. त्याच्याजवळची चांदीची नाणी पाहून तेथील राजाने रोमनांच्या सचोटीची तारीफ केली. कारण त्यांवरील चेहरे निरनिराळ्या व्यक्तींचे असूनही वजन सारखे होते. गोष्ट कितपत खरी हे सोडून देऊ. परक्या पाहणाऱ्याने चेहरे पाहिले, पण भरवसा ठेवला तो वजनावर, एवढे तीतून स्वच्छ दिसते.

पुदुक्कोट्टई संस्थानात १८९८ मध्ये उजेडात आलेला साठा हेच सांगतो. ऑगस्टसपासून व्हेस्पेशियनपर्यंतच्या ५०१ ऑरियसांचा हा साठा ब्रिटिश म्युझियमच्या जॉर्ज हिल यांनी प्रसिद्ध केला. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर सम्राटाच्या मुखावर छिन्नीचा खोल घाव आहे. आत हलका धातू नाही ना, हे पाहण्यासाठी तो घातला असे काही अभ्यासक मानतात. झिजलेले नाणे चलनातून बाद केल्याची ती खूण होती, असे इतरांचे म्हणणे आहे. राजप्रतिमेवरील रोषाचाही तर्क केला गेला आहे, पण तो मला पटत नाही. चेहरा हा नाण्यावरील सर्वांत उंच भाग. छिन्नी लावावयाची तर ती तेथेच लागणार.

महाराष्ट्राचे चित्र वेगळे आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण व तगर, म्हणजे आजचे तेर, येथून भडोचकडे माल जात असल्याचे वर्णन आहे. भडोचला रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक नाण्यांशी बदलून नफा मिळे, असेही त्यात म्हटले आहे. असे असूनही रोमन सुवर्णनाण्यांचे मोठे साठे तमिळनाडू, केरळ व आंध्र या भागांत सापडले. सातवाहनांच्या मुलखात त्या मानाने फारच थोडे. येथे राजाचे स्वतःचे चलन असल्याने परके नाणे वितळविले जात असावे, असे सामान्यतः मानले जाते. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या शिलालेखात एका ‘सुवर्णा’चा भाव पस्तीस कार्षापण दिला आहे, हे सुवर्ण कोणाचे, याविषयी विद्वानांत एकमत नाही. नाव मात्र टिकले. सांचीच्या इ.स. ४१२-१३ मधील शिलालेखात पंचवीस ‘दीनार’ दान दिल्याची नोंद आहे. चांदीच्या डिनारियसचे नाव येथे सोन्याच्या नाण्याला मिळाले होते.

आणि प्रतिमा? तेर, कोंडापूर अशा ठिकाणी रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला सापडल्या आहेत. काहींना ओवण्यासाठी कान आहे. लेखाची अक्षरे त्यांत बहुधा अर्थहीन रेघा होऊन बसली आहेत. चेहऱ्याची ठेवण तेवढी ओळखता येते. पुदुक्कोट्टईला सोने ठेवून चेहरा कापला गेला. येथे सोने नाही, वजन नाही, कोणाचा दावा नाही, आणि तरीही कोणीतरी तो चेहरा भाजक्या मातीत उतरवून गळ्यात घातला.